दाराला लावलेला काळा गोटा

गोबरवाहीला मावशीच्या घरी ओसरीच्या दाराला एक काळा गोटा लावलेला असे. सोललेल्या नारळाएवढा. वाऱ्याने दार आपटू नये, एवढंच त्याचं काम. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा मी तो उगाच उचलायला गेलो आणि हात झटकन खाली ओढला गेला. नारळाएवढ्या दगडाचं वजन किती असेल याचा अंदाज हाताला आपोआप असतो. हा त्याच्या दीडपट भरला. खाली ठेवला तेव्हा पाचही बोटं काळी झालेली, काजळ चोळल्यासारखी. आतून मावशी ओरडली, "थो गोटा नोको हलवू बापू, दार आपटते मंग!"

तो मँगनीजचा दगड होता. त्या गावात हे कोणी कोणाला सांगत नसे, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. भंडारा जिल्ह्यातलं हे गाव तुमसर रोडहून तिरोडीला जाणाऱ्या रेल्वेवर आहे. आसपास चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग या खाणी. धानाच्या बांध्या, तळी, सागाची झाडी आणि मधूनच काळ्या खनिजाचे ढीग, असा तो मुलूख. मला मात्र त्या गोट्याचं वजन विसरता आलं नाही. पुढे कळलं की त्या वजनातला साधारण तिसरा हिस्सा निव्वळ ऑक्सिजन आहे. आपण श्वासात घेतो तोच प्राणवायू, धातूला जखडून दगड झालेला. तो तिथे कसा जखडला गेला, ही गोष्ट मला आजवर वाचलेल्या कुठल्याही अद्भुत कथेहून मोठी वाटते.

ती समजून घ्यायची तर नागपुरातून निघावं. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती काळ्या फत्तराची, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. सह्याद्री ज्या लाव्हाचा बनला आहे त्याचाच हा पूर्वेकडचा काठ. तिथून जबलपूर रस्त्याने कामठीला आलं की लाव्हा संपतो. खाली वालुकाश्म आणि कोळसा लागतो. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांची वाळू आणि दलदलीतली झाडं. कन्हान ओलांडून आणखी पुढे गेलं की खडक चमकायला लागतात. अभ्रकाचे पापुद्रे, गारगोटीच्या शिरा, वाकड्यातिकड्या पट्ट्या. नागपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर मनसर येतं. तिथले खडक डोंगराच्या पोटात भाजून निघाले त्यालाच सुमारे १०० कोटी वर्षं झाली, आणि समुद्रतळावर गाळ म्हणून ते साठले त्याला तर त्याहून कितीतरी जास्त. एका तासाच्या एसटीच्या प्रवासात माणूस इतका मागे जातो. देशात एवढ्या थोड्या अंतरात एवढा लांबचा काळ ओलांडता येईल असे रस्ते फार नसतील, आणि त्या रस्त्यावरून आपण रामटेकच्या यात्रेला डुलक्या काढत जातो.

मनसरचे हे खडक एका मोठ्या पट्ट्याचा भाग आहेत. छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून जात बालाघाटपर्यंत धनुष्यासारखा वाकलेला, २०० किलोमीटरहून लांब आणि जेमतेम ३० किलोमीटर रुंद असा हा पट्टा. भूवैज्ञानिक त्याला सौंसर समूह म्हणतात, पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौंसर गावावरून. त्यातल्या थरांची नावं तलाठ्याच्या दप्तरातून उचलल्यासारखी आहेत: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिचुआ. तळापासून वर जाताना खडकांचा एकेक थर म्हणजे एकेक गाव. मँगनीज मुख्यत्वे यांतल्या मनसर थरात आहे. त्याच्या तळाशी, मध्ये आणि माथ्याशी, अशा तीन पातळ्यांवर.

आता प्रश्न असा की मँगनीज तिथे एवढं गोळा कसं झालं? पृथ्वीच्या कवचात ते सगळीकडे आहे, पण हजारात एक भाग, इतकंच. बालाघाटच्या भरवेली खाणीतल्या चांगल्या खनिजात ते निम्म्याच्या आसपास असतं. म्हणजे कोणीतरी सगळीकडे विखुरलेली ही धातू वेचून वेचून पाचशेपट दाट केली.

हे कसं होतं ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, बोअरवेल पुरते. काही गावांत बोअरचं पाणी काढलं की ते काचेसारखं स्वच्छ दिसतं. तेच हंड्यात रात्रभर राहिलं की सकाळी तळाशी तांबूस गाळ. हे लोखंड. जमिनीखाली हवा पोचत नाही, म्हणून तिथे ते साखरेसारखं विरघळून होतं; वर येऊन हवा लागताच गंजलं आणि खाली बसलं. काही ठिकाणी टाकीच्या भिंतीवर आणि नळाच्या तोंडाशी सावकाश, महिन्यामहिन्याने, काळा थर चढत जातो. ते मँगनीज. लोखंड आणि मँगनीज सख्खे भाऊ म्हणावेत इतके सारखे, पण स्वभावात हा एक फरक. लोखंड उतावळं आहे. प्राणवायूचा वास लागला तरी ते गंजतं. पावसाळ्यात ओटीवर विसरलेला विळा सकाळपर्यंत तांबूस होतो. मँगनीज हट्टी आहे. त्याला भरपूर प्राणवायू मिळाल्याशिवाय ते पाण्याची संगत सोडत नाही.

या एका स्वभावभेदावर हा सगळा खाणपट्टा उभा आहे. पृथ्वीचा निम्मा इतिहास असा गेला की हवेत प्राणवायू जवळपास नव्हताच. समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे फुटत, जमिनीवर खडक झिजत, आणि त्यांतून सुटलेलं लोखंड-मँगनीज समुद्राच्या पाण्यात विरघळून राही. मग सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठायला सुरुवात झाली. तरीही खोल समुद्र पुढे फार मोठा काळ प्राणवायूवाचून राहिला. सौंसरचा समुद्र या मधल्या काळातला. खोल पाण्यात मँगनीज विरघळलेलं. किनाऱ्याकडच्या उथळ पाण्याला मात्र वारा लागलेला. खोल पाणी वर चढून उथळावर आलं की आधी लोखंड खाली बसायचं. राहिलेलं पाणी आणखी पुढे, आणखी हवेशीर जागी पोचलं की मग मँगनीज बसायचं. समुद्राने दोन्ही भाऊ असे वेगळे केले, सुपात पाखडून धान्य आणि फोल वेगळं करावं तसे. मनसर थरातल्या त्या तीन पातळ्या म्हणजे अशा निवडीचे तीन हंगाम.

आणि तो प्राणवायू आला कुठून? हिरव्या-निळ्या सूक्ष्म जीवांनी उन्हाच्या बळावर पाणी फोडलं, त्यातून. पाण्याचा रेणू फोडणं हे सोपं काम नाही. आज प्रत्येक हिरव्या पानात हे काम करणारा एक चिमुकला भाग असतो, आणि त्याच्या गाभ्याशी काय बसलेलं असतं? मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक. जपानी शास्त्रज्ञांनी २०११ साली त्यांची नेमकी मांडणी अणूअणूने उलगडून दाखवली: एका बाजूने वाकड्या झालेल्या खुर्चीसारखा आकार. उन्हाचा एकेक धक्का बसतो तसा हा पुंजका एकेक इलेक्ट्रॉन सोडतो. चार धक्क्यांनंतर पाण्याचे दोन रेणू फुटतात आणि प्राणवायूचा एक रेणू बाहेर पडतो. जीवसृष्टीला पाणी फोडायला मँगनीजखेरीज दुसरी हातोटी सापडलेली नाही.

म्हणजे पाहा. मँगनीजच्याच चार अणूंनी पाणी फोडून प्राणवायू सोडला, आणि त्या प्राणवायूने समुद्रातलं बाकीचं मँगनीज पकडून तळाशी बसवलं. मावशीच्या दाराशी बसलेला गोटा आपल्याच जातभाईंनी सोडलेल्या श्वासाने घडला. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

समुद्रतळावरचा तो काळा चिखल तसाच राहिला असता तर आज तो मऊ, भुसभुशीत मातीसारखा असता. पण त्याच्या नशिबात भट्टी होती. भूखंडांचे दोन तुकडे एकमेकांवर रेटले गेले, मधला समुद्र मिटला, आणि गाळाचे थर घड्या पडत जमिनीत खोल ओढले गेले. डब्ल्यू. डी. वेस्ट या भूवैज्ञानिकाने १९३६ साली देवलापार भागातले खडक तपासून दाखवून दिलं की इथले थर नुसते दुमडलेले नाहीत. एका बाजूचे उचलून दुसऱ्या बाजूच्यांवर सरकून बसले आहेत, जशी गादीवरची चादर ढकलली की तिची घडी स्वतःवरच पालथी पडते. अशी रचना तोवर लोक आल्प्समध्ये पाहायला जात. ती जबलपूर रस्त्यावर, देवलापारच्या झाडीत होती.

त्या खोलीवर तापमान ५०० अंशांच्या वर गेलं. खडक वितळले नाहीत, पण त्यांतली खनिजं नव्याने जुळून आली. इथे मला सगळ्यात नवल वाटतं ते पाककृतीचं. जिथे समुद्रतळावर निव्वळ मँगनीजचा काळा चिखल होता, तिथे त्याचं घट्ट, जड, पोलादी झाक असलेलं खनिज झालं. यातलं मुख्य ते ब्राउनाइट. पण जिथे त्या चिखलात वाळू आणि चिकणमाती मिसळलेली होती, तिथे वेगळंच काही शिजलं. मातीतली सिलिका आणि ॲल्युमिनियम मँगनीजला धरून बसली आणि स्पेसार्टिन नावाचं गार्नेट तयार झालं. नारिंगी-तांबूस, मोहरीपासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचे दाणे. आपण अंगठीत घालतो तो गोमेद याच कुळातला. उरलेल्या वाळूची गारगोटी झाली. गारगोटीत मँगनीज-गार्नेटचे दाणे खच्चून भरलेल्या या खडकाला नाव आहे गोंडाइट. इथल्या गोंड लोकांवरून दिलेलं.

हे नाव देणारा माणूस लुईस ली फर्मोर. १८८० साली इंग्लंडात जन्मलेला हा तरुण १९०२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला आणि लगेच मँगनीजच्या मागे लागला. त्याने देशभरातले मँगनीजचे साठे पाहिले, पण त्याचा जीव खरा मध्य प्रांतातल्या या पट्ट्यात अडकला. १९०९ साली त्याने लिहिलेला हजारांहून जास्त पानांचा ग्रंथ बाहेर पडला. तेव्हा तो तिशीच्याही आत होता. शुद्ध गाळाचं खनिज आणि मिसळलेल्या गाळाचा गोंडाइट, ही मूळ कल्पना त्याचीच. पुढच्या शास्त्रज्ञांनी, विशेषतः जादवपूर विद्यापीठाच्या सुप्रिय रॉय यांनी, ती पारखून, दुरुस्त करून भक्कम केली. आज घाना किंवा ब्राझीलमधला भूवैज्ञानिकही असा खडक दिसला की वहीत 'गोंडाइट' असंच लिहितो. गोंडवन हे नाव तर आधीच जगभर गेलं होतं. एका अख्ख्या प्राचीन महाखंडाला ते मिळालं. भूविज्ञानाने दोन-दोनदा ज्यांचं नाव घेतलं असे समाज जगात मोजकेच असतील. विदर्भातल्या किती शाळांतल्या गोंड मुलांना हे कोणी सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

फर्मोरने नावं ठेवली ती फक्त खडकाला नाही. या पट्ट्यात त्याला अशी खनिजं भेटत गेली जी जगात कोणीच पाहिली नव्हती. रामटेक तालुक्यातल्या काचुरवाहीला सापडलेल्या एका खनिजाला त्याने ब्लॅनफर्डाइट म्हटलं, आपल्या आधीच्या पिढीतल्या ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकावरून. हे खनिज मला एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळालं. कागदाहून पातळ घासलेली खडकाची चकती, खालून एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडलेला. नजर लावली तेव्हा तो कण गुलाबी होता, देशी गुलाबाच्या पाकळीसारखा. खालची तबकडी बोटाने हळूच फिरवली. गुलाबी विटत गेला, मध्ये जांभळट झाला, आणि पाव फेरी पुरी होईतो समोर स्वच्छ आकाशी निळा रंग. परत फिरवली, परत गुलाबी. कण तोच, प्रकाश तोच. फक्त स्फटिकातले अणू ज्या दिशेने रांगेत उभे आहेत ती दिशा प्रकाशासमोर बदललेली. स्फटिकात मुरलेलं थोडंसं मँगनीज ही जादू करतं. बाहेरून पाहिलं तर तो खडक काळपट, कोणी ढुंकूनही बघणार नाही असा.

बेलडोंगरीचं व्रेडनबर्गाइट, लोहचुंबकाला धावून चिकटणारं. पुढे इतरांनी तिरोडीवरून नाव दिलेलं तिरोडाइट. छिंदवाड्यातल्या सीतापार गावावरून सीतापाराइट. यांतली काही नावं पुढे टिकली नाहीत. व्रेडनबर्गाइट म्हणजे एकमेकांत विणली गेलेली दोन खनिजं निघाली. सीतापाराइट हे अमेरिकेतल्या युटामध्ये आधीच नोंदलेलं बिक्स्बाइट निघालं, आणि पहिल्या नावाचा मान ठेवायचा या रिवाजाने सीतापारचं नाव गळालं. मला याची हळहळ वाटते. पण त्याच सीतापारने दुसऱ्या वाटेने शोध लावणाऱ्याचंच नाव यादीत नेलं: तिथेच सापडलेल्या एका आर्सेनिकयुक्त खनिजाला लंडनच्या शास्त्रज्ञांनी १९१० साली फर्मोराइट म्हटलं.

या खनिजांच्या मागे एक सुंदर तर्क आहे. पट्ट्याच्या पूर्व टोकाला, बालाघाटकडे, खडक कमी भाजले गेले. पश्चिमेला छिंदवाड्याकडे जाताना आच वाढत गेली. कणीक एकच, कुठे चुलीच्या कडेला शेकली, कुठे निखाऱ्यात गेली. म्हणून पूर्वेला बारीक कणांचं, साधंसरळ ब्राउनाइट, आणि पश्चिमेला जावं तसतशी खनिजांची गर्दी आणि तऱ्हा वाढत जाते. समुद्राने जे एकदाच लिहिलं ते जमिनीच्या आगीने वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा लिहून काढलं.

आणि तरी गोष्ट इथे संपत नाही, कारण मावशीच्या गोट्याने माझी बोटं काळी केली होती, आणि ताजं ब्राउनाइट बोटं काळी करत नाही. ते कठीण असतं. बोटांना लागणारी काजळी ही तिसऱ्या हाताची करणी, पावसाची. झिजत झिजत डोंगर उघडे पडले, थर वर आले, आणि मग लाखो पावसाळे त्यांत मुरले. पाण्याने सिलिका हळूहळू धुऊन नेली, हवेने मँगनीजला आणखी प्राणवायू पाजला. कठीण ब्राउनाइटचं मऊ, काळंभोर मँगनीज डायऑक्साइड झालं. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण याच खनिजासाठी नावाजलेली आहे.

ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या पिढीच्या प्रत्येक मुलाने टॉर्चचा संपलेला सेल दगडाने फोडलेला असतो. जस्ताचं डबडं, मधली कोळशाची कांडी, आणि भोवती ठासून भरलेली काळी भुकटी. ती भुकटी म्हणजे बहुतांश मँगनीज डायऑक्साइड. १८६६ साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच इंजिनिअरने ही युक्ती काढली. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, ते तारेतून, बल्बमधून फिरून येतात, आणि शेवटी त्यांना पोटात घेणारं कोणीतरी लागतं. मँगनीज डायऑक्साइड ते काम करतं, कारण त्याच्यापाशी इलेक्ट्रॉनची भूक शिल्लक असते. पानात पाणी फोडतानाही तेच चाललेलं असतं, इलेक्ट्रॉनची देवघेव. ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकणाऱ्या आजोबांच्या मांडीवर अख्खा जुना समुद्र खरखरत असायचा.

खाणी निघाल्या त्या मात्र सेलसाठी नाही, पोलादासाठी. लोखंडात गंधकाचा अंश राहिला की तो लोखंडाशी जुळून कणांच्या सांध्यांत बसतो. पोलाद लाल तापवून ठोकायला घेतलं की तो सांध्यातला भाग आधीच वितळतो आणि पोलाद भाकरीसारखं तुटतं. मँगनीज टाकलं की गंधक लोखंडाला सोडून त्याच्याकडे जातं, आणि हे नवं संयुग त्या आचेला वितळत नाही. १८५६ साली बेसेमरने पोलादाची नवी भट्टी आणली, पण रॉबर्ट मुशेटने मँगनीजयुक्त बीड वापरायची तोड काढली तेव्हाच तिच्यातलं पोलाद भरवशाचं झालं. मग १८८२ साली शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पोलादात १२-१३ टक्के मँगनीज घालून पाहिलं. त्यातून निघालं ते ठोकेल तितकं आणखी कठीण होणारं पोलाद, आणि गंमत म्हणजे त्याला लोहचुंबक चिकटत नाही. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात, जिथे चाक सतत आदळतं, तिथे तेच पोलाद बसवतात.

जगाला असं मँगनीज हवं होतं तेव्हा १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची ब्रिटिश मंडळी या पट्ट्यात उतरली आणि १९०० च्या सुमारास मनसर भागात काम सुरू झालं. १९०५ च्या रशियन क्रांतीच्या धामधुमीत तिथलं मँगनीज अडलं, भाव चढले, आणि मध्य प्रांतातल्या खेड्यांतून घणांचा आवाज उठला. थर डोंगराच्या माथ्याशी उघडे असल्याने आधी वरून खोदत गेले. पुरुष फोडत, बाया हातोडीने ठोकून काळा दगड आणि फोल वेगळं करत, टोपल्यांनी वाहत. विशाखापट्टणमचं बंदर १९३३ साली सुरू झालं, त्यामागेही या पट्ट्यातलं मँगनीज पूर्व किनाऱ्याने बाहेर काढायचा हेतू होता. कोट्यवधी वर्षांच्या तीन भट्ट्यांतून निघालेलं धन कच्च्या दगडाच्या भावाने बोटीत गेलं, आणि ज्या बायांनी ते निवडलं त्यांची नावं कुठल्याही खनिजाला मिळाली नाहीत.

१९६२ साली या खाणींसाठी सरकारचा मोठा वाटा असलेली कंपनी उभी राहिली, १९७७ साली ब्रिटिश हिस्साही सरकारने घेतला. नागपूरला मुख्यालय असलेली ही मॉयल. बालाघाटची भरवेली खाण आता ४०० मीटरहून खोल गेली आहे. तिथला खनिजाचा थर दोन किलोमीटरहून जास्त अंतर सलग जातो, पण समुद्रतळाला आडवा असायचा तो आता घड्यांमुळे तिरका उभा झालेला. म्हणून खाणही त्याच्या मागे खाली खाली जात राहते. खनिज काढून झालेल्या पोकळीत वाळू वगैरे भरून छत आवरतात आणि त्याच भरावावर उभं राहून वरचा थर काढतात.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ज्या धातूवाचून पान प्राणवायू सोडू शकत नाही, ती धूळ होऊन वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर मेंदूवर बसते. १८३७ साली ग्लासगोतल्या कूपर या डॉक्टरने, मँगनीज दळणाऱ्या कारखान्यातल्या मजुरांची चाल अडखळती झाली आहे, बोलणं पुटपुटतं झालं आहे, हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. खाणीत पाणी मारून ड्रिल चालवणं, तोंडाला मास्क लावणं ही कोणाची मेहेरबानी नाही.

मँगनीज वेचून तळाशी बसवायचं काम समुद्र आजही करतो आहे. खोल महासागरांच्या तळावर बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले आहेत. एखाद्या शार्कच्या दाताभोवती किंवा शंखाच्या तुकड्याभोवती मँगनीज-लोखंडाचे थर कांद्यासारखे चढत जातात, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर इतक्या संथपणे. 'चॅलेंजर' जहाजाच्या १८७० च्या दशकातल्या सफरीत ते वर काढले गेले. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्रातून भारताचा पहिला असा गोळा काढला. आता मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळ भारताकडे शोधासाठी आहे, पाच-साडेपाच किलोमीटर पाण्याखाली. 'गवेषणी'ने काढलेला गोळा आणि गोबरवाहीचा गोटा शेजारी ठेवले तर एक भाजलेला आणि एक कच्चा, एवढाच फरक.

गेल्या पावसाळ्यात गोबरवाहीला गेलो होतो. घराला स्लॅब पडला आहे, ओसरीची फरशी नवी आहे, गोटा मात्र तोच. मी तो उचलून पाहिला. अजूनही अंदाजापेक्षा जड. बोटं अजूनही काळी होतात. मावशी आता थकली आहे, ती ओरडली नाही, नुसती हसली. समोरच्या बांधीत रोवणी होऊन पंधरा दिवस झाले होते. धान पोपटी दिसत होतं, आणि ढगांतून ऊन पडलं की त्या प्रत्येक पात्यात मँगनीजचे चौघे-चौघे पाणी फोडायला लागत होते. मग आभाळ भरून आलं, बांधीवरून वाऱ्याचा झोत आला. दार जोरात हललं आणि गोट्याला टेकून थांबलं.